बाबा श्वास धरतात

माझ्या बाबांना श्वास धरता यायचा. म्हणजे तो सगळ्यांनाच येतो, पण बाबांचा बघण्यासारखा असायचा. लहानपणी मी आणि दादा सकाळी त्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसायचो. ते नाकपुडीवर अंगठा ठेवायचे, श्वास आत घ्यायचे आणि मग पुढे काही नाहीच. छाती हलत नाही, पोट हलत नाही. दादा लालबुंद होऊन फुस्स करायचा, मी तर त्याच्याही आधी हरलेली असायचे, आणि बाबा आपले ढिम्म. याला कुंभक म्हणतात, असं ते नंतर समजावून सांगायचे. आम्हाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. वर्गात कुणाच्या वडिलांकडे स्कूटर होती, कुणाच्या वडिलांना पेटी वाजवता यायची, आणि आमच्या वडिलांना श्वास धरता यायचा, एवढंच.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे कोलकात्याला आले. नवऱ्याची बँकेतली बदली, सॉल्ट लेकमधलं क्वार्टर, खाली ब्लॉकचं पार्क. मला वाटलं होतं, या माणसाला इथे करमायचं नाही, भाषा येत नाही, मासळीचा वास सोसत नाही. कसलं काय! बघता बघता त्यांनी पार्कातल्या बंगाली आजोबांना प्राणायामाला बसवलं. जरा गार वारा सुटला की ती मंडळी माकडटोप्या घालून ओळीनं बसायची आणि बाबा त्यांना आपल्या सातारी हिंदीत दम द्यायचे. सगळे त्यांना मास्टरमशाय म्हणायचे. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस म्हातारपणी मास्तर झाला, म्हणून मी त्यांना चिडवायचे. ते खूश असायचे.

मग पाय सुजायला लागले. मोजे काढले की घोट्यावर वळ, बोटानं दाबलं की खळगा, आणि तो खळगा भरून यायला वेळ लागायचा. मग उशा वाढल्या. आडवं झालं की दम लागतो म्हणून एकावर एक उशा रचून बाबा जवळजवळ बसूनच झोपायला लागले. एका सकाळी अंघोळ करून बाहेर आले आणि पंचा खांद्यावर तसाच ठेवून पलंगाच्या काठावर बसले. त्यांना वाक्य पुरं करता येईना. नवऱ्यानं गाडी काढली आणि आम्ही त्यांना बायपासवरच्या एका हॉस्पिटलात नेलं.

हृदयाची ताकद कमी झाली होती. ते पुढे ढकलत नव्हतं, म्हणून फुप्फुसात पाणी साठत होतं. लघवीवाटे पाणी काढायची इंजेक्शनं सुरू झाली आणि तोंडा-नाकावर घट्ट मास्क बसला. त्याला जोडलेलं मशीन हवा आत ढकलत होतं. दिवसभरात पाणी किती प्यायचं यालाही माप होतं. घोटभर जास्त मागितलं की सिस्टर कापसाच्या बोळ्यानं नुसते ओठ ओले करायची.

ही सिस्टर म्हणजे दिवसपाळीची, मूळची बांकुड्याकडची. आवाज खणखणीत, चाल भरभर. बाबांना ती दादू, म्हणजे आजोबा, म्हणायची आणि मला दिदी. सकाळी आली की आधी पलंगाचं डोकं वर घ्यायची, बाबांना सरळ बसवून पुढ्यात टेबल सरकवायची, त्यावर उशी ठेवून त्यांचे दोन्ही हात उशीवर टेकवायची. असं बसलं की छातीला जागा मिळते, म्हणायची. मास्कच्या पट्ट्यानं नाकाच्या हाडावर चट्टा पडू नये म्हणून तिथे मऊ पट्टी लावायची. बोटं गार पडली की ऑक्सिजन मोजणारा चिमटा काहीबाही आकडे दाखवतो, म्हणून आधी बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब द्यायची. मी समोर खुर्चीवर बसून बघायचे. मला करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

श्वास ती मनगट धरून मोजायची. मी म्हटलं, अहो, नाडी आत्ताच बघितलीत की. तर तिनं माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि नंतर दाराबाहेर नेऊन सांगितलं, की श्वास मोजतोय असं पेशंटला कळलं की तो बदलून घेतो. म्हणून मनगट धरायचं आणि बघायचं छातीकडे. मला हसू आलं. म्हटलं, आमच्या बाबांपुढे तुमची ही युक्ती चालायची नाही, श्वास हा त्यांचाच विषय आहे.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी सिस्टरचा चेहरा जरा बदलला. बाबांचा श्वास आधी मोठा मोठा होत जायचा, मग लहान लहान होत जायचा, आणि मग थांबायचा. पार थांबायचा. मशीन ओरडायला लागायचं, स्क्रीनवरचा ऑक्सिजनचा आकडा पायऱ्या उतरायचा, आणि मग बाबा एकदम खोल श्वास घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं तेच. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला निघाली, तर मीच तिला थांबवलं.

"काळजी करू नका, बाबा श्वास धरतात," मी हिंदीत सांगितलं. प्राणायाम करताहेत, पन्नास वर्षांची सवय आहे, पार्कात शिकवतात, असं सगळं ऐटीत सांगून टाकलं.

सिस्टर बुचकळ्यात पडली. मास्कमध्ये प्राणायाम? असं तिच्या नोकरीत तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण तिनं मला वेड्यात काढलं नाही. ती म्हणाली, हृदय थकलं की श्वास आपोआप असाच होतो, मोठा, लहान, बंद, आणि ते चांगलं लक्षण नसतं. पण दादू जागे असतानाही कधीकधी डोळे मिटून असं करतात, तेव्हा तुम्ही म्हणता तसंही असेल. मला नाही सांगता येत. डॉक्टरांना मी कळवतेच, पण तुम्ही मुलगी आहात, तुम्ही बघा आणि मला सांगा, कुठला त्यांनी धरलेला आणि कुठला आपोआप थांबलेला.

झालं! माझ्या डोक्याचा भुगा व्हायला एवढं पुरेसं होतं. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बाबांच्या छातीकडे बघत बसले. श्वास थांबला की वाटायचं, हा कुंभक. आकडा उतरला की वाटायचं, हा नाही. पुन्हा सुरू झाला की वाटायचं, बघ, त्यांनीच सोडला. बघताबघता माझाही श्वास अडकायचा. सिस्टर येऊन खांद्यावर थाप मारायची, दिदी, तुम्ही तरी घ्या.

मग मला त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा दिसला. उजव्या हाताला चिमटा होता, डावा मोकळा होता. श्वास थांबला की डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागायचा. एक पेर, दुसरं पेर, तिसरं. जप मोजतात तसा. श्वास आला की अंगठा थांबायचा. अगं बाई, म्हणजे मोजताहेत की ते! किती वेळ धरला ते मोजताहेत! मला इतकं हायसं वाटलं की मी बाहेर जाऊन पुण्याला दादाला फोन लावला आणि त्याला अंगठ्याचं सांगितलं. बाबा म्हणजे बाबाच, म्हणाला.

पण परत येऊन बसले तर बाबा गाढ झोपलेले. श्वास थांबलेला, आणि अंगठा जागच्या जागी. मी वाट पाहिली. अंगठा हललाच नाही. मशीन ओरडलं, मग श्वास आला. आता याचं काय करायचं? सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली, मग दोन्ही असेल. दोन्ही कसं असेल, मी जवळजवळ तिच्यावर ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, दिदी, मला खरंच माहीत नाही.

त्या दुपारी डॉक्टर आले. रक्ताचा रिपोर्ट बरा नव्हता. अंगात कार्बन डायऑक्साइड साठायला लागला होता. बाबांचे स्नायू दमले होते आणि मास्क पुरा पडत नव्हता. संध्याकाळपर्यंत सुधारलं नाही तर घशात नळी घालून पूर्ण मशीनवर घ्यावं लागेल, असं त्यांनी इंग्रजीत सावकाश सांगितलं. नळी घातली तर फुप्फुसातलं पाणी उतरेपर्यंत शरीराला विश्रांती मिळेल. पण या वयात, या हृदयाला, ती पुन्हा निघेलच असं ते सांगू शकत नव्हते. घालायची नसेल तर मास्कवरच ठेवू, त्रास होणार नाही एवढं बघू. घरच्यांनी ठरवा. आणि जाताजाता त्यांनी विचारलं, वडिलांना स्वतःला काय आवडलं असतं?

मला काय माहीत! असलं कुणी घरात विचारतं का? आमच्याकडे बाबांना भाजी कुठली आवडेल हेसुद्धा आई परस्पर ठरवायची.

नवरा बँकेतून फोनवर म्हणाला, तुम्ही दोघं भावंडं ठरवा, मी तुमच्या पाठीशी आहे. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, उपयोग शून्य. दादाला मात्र सगळं माहीत होतं. फोनवर तो अगदी ठाम होता. बाबा साधक माणूस, त्यांनी जन्मभर श्वासावर ताबा मिळवला, तो मशीनच्या हातात द्यायचा? त्यांच्या घशात नळ्या खुपसून त्यांची विटंबना करायची? ते शांतपणे निघालेत, त्यांना निघू दे. आणि तूच नाही का सांगितलंस, ते मोजताहेत म्हणून? मी म्हटलं, झोपेत नव्हते मोजत. तर म्हणाला, तुझं नेहमी असंच, सकाळी एक आणि दुपारी एक.

मला दादाचं पटत होतं. खरंच पटत होतं. नाकावर अंगठा ठेवून बसलेले बाबा डोळ्यांपुढे यायचे आणि वाटायचं, बरोबर आहे, अशा माणसाला असंच जाऊ द्यावं. आणि पलंगाकडे बघितलं की काहीच पटेनासं व्हायचं. पलंगावर दाढी वाढलेला, हातपाय गार पडलेला एक म्हातारा होता आणि तो साधकबिधक काही दिसत नव्हता.

सूर्य कलल्यावर सिस्टर तोंडाची स्वच्छता करायला आली. तिनं मास्क काढला, तेवढ्यापुरती नाकात ऑक्सिजनची बारीक नळी लावली आणि ओल्या बोळ्यानं बाबांची जीभ, हिरड्या पुसून काढल्या. बाबांनी डोळे उघडले. सिस्टर मला म्हणाली, दादू जागे आहेत, मास्क फार वेळ काढून ठेवता येणार नाही, काय विचारायचं ते आत्ता विचारा. तिनं त्यांना पुढे वाकवून उशीवर टेकवलं आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मी त्यांच्या तोंडाशी वाकले. "बाबा, प्राणायाम करताय का?"

मी मूर्ख असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कसला प्राणायाम? श्वासच... येईना."

"मग बोटांवर काय मोजता?"

त्यांना वेळ लागला. श्वास मोठा झाला, लहान झाला, थांबला, आणि त्यांचा अंगठा माझ्यासमोर पेरांवरून सरकायला लागला. मी बघत होते, सिस्टर बघत होती. मग तो श्वास आला.

"जातो गं तो," बाबा म्हणाले. "परत येतोय का... बघत असतो."

सबंध दिवस मी त्या अंगठ्याकडे कौतुकानं बघत होते. मी दादाला फोन करून सांगितलं होतं. आणि हा माणूस प्रत्येक वेळी घाबरून मोजत होता.

मग मी त्यांना नळीचं सांगितलं. जमेल तेवढं सरळ सांगितलं, की घशात घालतील, बोलता येणार नाही, झोपेचं औषध देतील, आणि ती निघेलच असं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकत होते असं मला वाटलं. मग डोळे उघडून म्हणाले, "घाला म्हणावं. मला नाही जायचं एवढ्यात."

अगदी स्वच्छ म्हणाले. आणि मी त्यांचा हात धरते न धरते तोच पुढे म्हणाले, "आई खाली रिक्षात थांबलीय ना? तिला वर बोलाव."

आई जाऊन चार वर्षं झाली होती.

सिस्टरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण माझा चेहरा बघून तिला काहीतरी कळलं. तिनं बाबांना मोठ्यानं हिंदीत विचारलं, दादू, आपण कुठे आहोत? हॉस्पिटलात, बाबा म्हणाले. कुठल्या गावात? बाबांनी विचार केला आणि सांगितलं, कराडला. सिस्टरनं मास्क पुन्हा बसवला, पट्ट्या ओढल्या, नाकावरची पट्टी नीट केली आणि मग मला म्हणाली, रक्तात गॅस साठला की डोकं असं चालतं, कधी जाग्यावर, कधी नाही. दादू काय म्हणाले?

त्या सबंध मजल्यावर मराठी कळणारी मी एकटी होते. बाबा काय म्हणाले ते मी सांगेन तेच होतं. आणि ते म्हणाले होते की मला जगायचंय, आणि म्हणाले होते की आई खाली रिक्षात आहे. यातलं पहिलं घ्यायचं आणि दुसरं सोडायचं, हे कुठल्या न्यायानं? दोन्ही एकाच तोंडातून, एकाच आवाजात आलं होतं.

दादाला फोन करून दोन्ही सांगितलं.

"बाबा असं म्हणाले? बाबा?"

"हो."

"आणि त्यानंतर आई रिक्षात आहे म्हणाले."

"हो."

"मग ते बोलणं धरायचं का आपण? आणखी कुणी ऐकलं?"

"सिस्टर होती."

"तिला मराठी येतं?"

"नाही रे."

दादा रडायला लागला. मोठा भाऊ रडायला लागला की आपण काय बोलायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी फोन ठेवला. डॉक्टर आत वाट बघत होते. त्यांनी विचारलं, पेशंट काही म्हणाले का. मी म्हटलं, घाला म्हणाले. त्यांनी विचारलं, शुद्धीत होते? मी सिस्टरकडे बघितलं. तिनं खांदे उडवले नाहीत, मानही हलवली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. शुद्धीत म्हणजे काय असतं, कुठवर असतं, मला काही कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर नुसता तो अंगठा होता. मी म्हटलं, हो, घाला.

पुढचे दिवस नीटसे आठवत नाहीत. बाबांच्या तोंडातून नळी बाहेर आलेली, गालाला चिकटपट्ट्या, आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली होणारी. कधी नव्हे इतका शिस्तीत चालणारा श्वास. सिस्टर त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायची, नळीतला कफ ओढून काढायची, आणि काढण्याआधी दरवेळी कानाशी सांगायची, दादू, आता खोकला येईल, घाबरू नका. दादा विमानानं आला. बाबांना त्या अवस्थेत पाहून तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, कॅन्टीनमध्ये नवऱ्याशीच काय ते बोलायचा. मला वाटायचं, याचंच बरोबर. मी कुणाचं तरी ऐकलं, पण बाबांचं ऐकलं का, कोण जाणे.

पाणी उतरलं. हळूहळू मशीन कमी कमी करत नेलं, आणि एका सकाळी नळी निघाली. सिस्टरनं बाबांच्या पोटाशी उशी दिली आणि म्हणाली, ही घट्ट धरा आणि जोरात खोका. बाबा खोकले. तो आवाज ऐकून दादानं माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर बाबांचा मुख्य उद्योग म्हणजे अळणी जेवणाबद्दल कुरकुर करणं. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, पाणी मापात प्यायचं, चार पावलं चालून थांबायचं, हे ते मुकाट्यानं करत. पण भातावर मीठ नाही म्हटलं की कपाळाला आठ्या. पार्कातले आजोबा भेटायला येऊन गेले. संदेश या बंगाली मिठाईचा खोका आणला होता, तो नवऱ्यानंच संपवला.

एका दुपारी बाल्कनीत त्यांना मऊ भात भरवता भरवता मी विचारलं. इतके दिवस टाळलं होतं. म्हटलं, बाबा, तुम्हाला आठवतंय का, नळी घालायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं?

त्यांना काही आठवत नव्हतं. मग मी सांगितलं, ते काय म्हणाले होते. आईचं वगळलं. फक्त पहिलं सांगितलं.

बाबांना ते आवडलं नाही. ताठ होऊन बसले. "मी असं म्हणणं शक्य नाही," म्हणाले. "मरणाला घाबरून मी नळ्या घाला म्हणेन? काहीतरी ऐकलं असशील तू."

माझा घास तसाच हातात राहिला. वाद कुणाशी घालणार? साक्षीला एक बांकुड्याची सिस्टर, आणि तिला आमच्यातलं अक्षर कळलेलं नाही. बाबा रस्त्याकडे बघत राहिले. खालून ऑटो जात होत्या. मी ताटली उचलून आत जायला निघाले, दारापर्यंत गेले, तेव्हा ते मागून म्हणाले, रस्त्याकडेच बघत म्हणाले,

"ऐकलंस ते बरं झालं."